फलाटावरील माणसें आणि छायाचित्रकाराची नजर

छायाचित्रण ही कला आहे कीं केवळ यंत्राची करामत, हा वाद आतां इतका जुना झाला आहे कीं त्यांत पुन्हा शिरण्यांत अर्थ नाहीं. कला म्हणून तिला मान्यता मिळाली. परंतु मान्यतेबरोबर जी कसोशीची टीका यावयास हवी ती मराठींत तिच्या वांट्यास फारशी आली नाहीं. कविता प्रसिद्ध झाली कीं आपण तिच्या यतिभंगापासून कवीच्या मनोवृत्तीपर्यंत कीस काढतों; नाटकांतील एखाद्या पात्राचा प्रवेश अस्थानीं झाला तर त्याबद्दल पानेंच्या पानें खर्ची घालतों; पण छायाचित्र समोर आलें म्हणजे 'काय हुबेहूब!' एवढें म्हणून मोकळे होतों, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें मोबाईलच्या पडद्यावर आंगठा उंचावून पुढच्या चित्राकडे वळतों. या कलेंतील एका लहानशा प्रांताचा, म्हणजे आगगाडीच्या फलाटावरील माणसांच्या व तेथल्या नित्याच्या दृश्यांच्या चित्रणाचा, थोडा विचार करावा, आणि तो करतांना नजर शक्य तोंवर धाराशिव जिल्ह्यावर ठेवावी, असा आमचा हेतु आहे.

फलाट हा विषय छायाचित्रकारांस इतका प्रिय कां, हें समजणें कठीण नाहीं. देवळांत माणूस भाविक असतो, बाजारांत गिऱ्हाईक असतो, कचेरींत अर्जदार असतो. फलाटावर मात्र तो कांहीं काळ यांपैकीं कोणीच नसतो. घर सुटलेलें असतें आणि जावयाचें गांव अजून आलेलें नसतें. अशा वेळीं चेहऱ्यावरची नेहमींची घडी थोडी सैल पडते. शिवाय छपराखालीं एकाच बाजूनें येणारा उजेड, ओळीनें उभे असलेले खांब, दूरवर निमुळते होत गेलेले रूळ, यांमुळें चित्राची निम्मी मांडणी स्टेशन बांधणाऱ्या इंजिनियरानेंच करून ठेवलेली असते. हें सुलभपण हाच या विषयांतील मोठा धोका होय. फलाटावर अगदींच वाईट चित्र काढणें अवघड आहे, आणि म्हणूनच तेथें खरोखर चांगलें चित्र निघणें दुर्मिळ झालें आहे.

चलच्चित्रांचा इतिहासही फलाटापासूनच सुरू होतो असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानांतील पहिला खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाला. त्या दिवशीं दाखविलेल्या सहा लहानशा पटांत आगगाडीच्या आगमनाचा एक होता. या विषयावरचा त्यांचा जो पट जगप्रसिद्ध झाला तो फ्रान्सांतील ला सिओता नांवाच्या स्टेशनावरचा. गाडी अंगावर येते असें वाटून पॅरिसचे प्रेक्षक पळत सुटले, ही कथा बहुधा मागाहून रचलेली असावी. आम्हांस त्या पटांत गाडीपेक्षां माणसेंच अधिक मोलाचीं वाटतात: मुलांस हाताशीं धरून लगबगीनें चालणाऱ्या स्त्रिया, डब्याचें दार शोधणारे उतारू, कोणाला तरी घ्यावयास आलेले गृहस्थ. आणि मौजेची गोष्ट ही कीं या सहज जमलेल्याशा वाटणाऱ्या मंडळींत खुद्द ल्युमिएर घराण्यांतील माणसें होतीं. नित्याचें दृश्य आणि मांडून आणलेलें दृश्य यांची सरमिसळ या विषयांत अशी पहिल्यापासूनच आहे. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं १९०१ मध्यें विलायतेहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचा पट घेतला, तेव्हां त्यांनाही येणारा माणूस आणि त्याची वाट पाहणारा समुदाय हाच विषय चित्रणास योग्य वाटला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु चलच्चित्रांचा प्रांत निराळा. स्थिर चित्रांकडे वळलें म्हणजे दोन कृति डोळ्यांपुढें येतात, आणि त्या एकाच स्टेशनावरच्या व एकाच सालच्या असल्यामुळें तुलनेची सोय आयतीच झाली आहे. १९९५ मध्यें मुंबईच्या चर्चगेट स्टेशनावर रघु राय यांनीं एक चित्र काढलें, आणि ब्राझील देशाचे विख्यात छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांनीं दुसरें. दोघांनींही कृष्णधवल रीति पत्करली. दोघांनींही युक्तिही एकच योजिली: कॅमेऱ्याची झडप क्षणार्धांत न मिटतां ती कांहीं काळ उघडी ठेवावयाची, म्हणजे जें स्थिर आहे तें रेखीव उमटतें आणि जें हलतें तें धुरासारखें पुसट होऊन जातें. साधन एक, स्थळ एक, साल एक. आणि तरी दोन चित्रांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

सालगादो उंचावरून पाहतात. दोहों बाजूंस गाड्या उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा वाहत चालला आहे. ते त्या काळांत जगभरच्या स्थलांतरांवर काम करीत होते व तो चित्रसंग्रह पुढें २००० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्या मोठ्या योजनेंत हें चित्र चपखल बसतें यांत शंका नाहीं. त्याची भव्यता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गर्दीला नदीची उपमा देणें ही कविकल्पना आहे, आणि ती वरून पाहणारालाच सुचते. त्या गर्दींत सांपडलेल्या कारकुनाला आपण प्रवाहाचा एक थेंब आहों असें कधींच वाटत नाहीं. आपला पाय कोणीतरी चेंगरला, एवढेंच त्याला वाटतें. चित्र पाहून आपण माणसांच्या संख्येनें दिपतों, आणि त्या दिपण्यांतच माणूस हरवतो. छायाचित्रकाराचा हेतु कितीही सहानुभूतीचा असला तरी त्यानें निवडलेली जागा आपला परिणाम केल्यावांचून राहत नाहीं.

रघु राय यांचें चित्र याच्या उलट, फलाटावरच्या माणसांत उतरून काढलेलें आहे. तेथेंही गर्दी पुसट होऊन वाहत आहे, पण तिच्यामध्यें कांहीं गृहस्थ वर्तमानपत्रें उघडून निवांत वाचीत आहेत, आणि ते स्पष्ट, अगदीं रेखीव उमटले आहेत. या चित्राची पुष्कळ प्रशंसा झाली आहे, परंतु त्यांतील मर्म आमच्या मतें असें: हीं माणसें रेखीव दिसतात तीं छायाचित्रकारानें त्यांना निवडलें म्हणून नव्हे, तर तीं स्वतः हललीं नाहींत म्हणून. भोंवतालच्या धांदलींत स्थिर राहण्याचा निश्चय त्यांचा स्वतःचा आहे. कॅमेऱ्यानें फक्त तो मान्य केला. सालगादोंच्या चित्रांत युक्ति माणसांवर चालविलेली आहे. राय यांच्या चित्रांत माणसें त्या युक्तींत भागीदार झालीं आहेत. दोहोंपैकीं आम्ही दुसऱ्यास श्रेष्ठ मानतों तें या कारणानें, केवळ स्वदेशीयत्वाच्या अभिमानानें नव्हे.

आतां हेंही सांगितलें पाहिजे कीं या यशानें नुकसानही केलें. युक्ति सोपी आहे, आणि सोपी युक्ति नक्कल करणारांच्या हातीं पडली म्हणजे तिचें काय होतें हें आपण मुक्तछंदाच्या बाबतींत पाहिलेंच आहे. हल्लीं कोणत्याही छायाचित्र-प्रदर्शनांत गेलें तरी धुरासारख्या गर्दींत एक स्थिर आकृति उभी असलेलें एखादें तरी चित्र भिंतीवर दिसतेंच. हीच युक्ति धाराशिवच्या फलाटावर करून पाहावी. तेथें गाडी येईपर्यंत सारेच स्थिर असतात; गांठोड्यावर बसलेली म्हातारी स्थिर, खांबाला टेकलेला तरुण स्थिर, चहाच्या किटलीशेजारी बसलेला विक्रेता स्थिर. हलतें तें एखादें कुत्रें, किंवा पंख्याचें पातें. मग पुसट काय करावयाचें आणि रेखीव काय ठेवावयाचें?

हा प्रश्न थट्टेचा नाहीं. फलाटाच्या चित्रणाचें जें तत्त्वज्ञान आपण पश्चिमेकडून घेतलें तें लहान स्टेशनाला लागूच पडत नाहीं. त्या तत्त्वज्ञानाचे आचार्य म्हणजे फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९३२ मध्यें पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागील कुंपणाच्या फटींतून त्यांनीं एक चित्र टिपलें: सांचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य उडी मारीत आहे, टांच पाण्याला लागावयाची आहे, आणि त्याची छाया खालीं तशीच उलटी उमटली आहे. १९५२ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. इंग्रजींत त्याला 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचें नांव मिळालें आणि तें नांव मंत्र होऊन बसलें. मूळ फ्रेंच नांवाचा अर्थ मात्र निराळा आहे. पोलीस दिसतांच टोपली उचलून पसार होणाऱ्या विनापरवाना फेरीवाल्यास जो शब्दप्रयोग लावतात तो तेथें आहे. घाईघाईनें, चोरून टिपलेलीं चित्रें, असा कांहींसा त्याचा भाव. आम्हांस हें मूळ नांव अधिक प्रामाणिक वाटतें. छायाचित्रकाराला क्षणाचा स्वामी न म्हणतां त्याला शेंगदाणे विकणाऱ्या पोराच्या पंक्तीला बसविणारें तें नांव आहे, आणि फलाटावर त्याची खरी जागा तीच.

पण नांव कोणतेंही घेतलें तरी उडीची ही कल्पना आमच्या जिल्ह्यांत निरुपयोगी ठरते, कारण येथें कोणी उडी मारीत नाहीं. येथें लोक थांबतात. थांबणें म्हणजे कांहींच न घडणें असें शहरी डोळ्याला वाटतें, परंतु ज्यानें लहान स्टेशनावर दोन तास काढले आहेत त्याला ठाऊक असतें कीं त्या दोन तासांत पुष्कळ घडतें: भाकरीची फडकी सुटतात, नात्यागोत्याची चौकशी होते, सोयरिकीची गोष्ट निघते, तिकिटाचे पैसे पुन्हा मोजले जातात, पोराच्या तोंडावरून पदर फिरतो. यांतील एकही क्षण निर्णायक नाहीं. म्हणूनच त्यांचें चित्रण करावयाचें तर चपळाईपेक्षां बैठक अधिक हवी, शिकाऱ्याच्या स्वभावापेक्षां शेजाऱ्याचा स्वभाव हवा.

जिल्ह्याच्या रेल्वेचा इतिहासच थांबण्याचा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें बार्शी लाईट रेल्वे उभारली ती अडीच फूट रुंदीची चिमुकली लोहवाट. (याच गृहस्थानें पुढें विमानांतून उडी घेणारांसाठीं हवाई छत्रीचा शोध लावण्यांत आयुष्य वेंचलें, बार्शीच्या गाडींतून उडी मारण्यास मात्र छत्रीची गरज कधींच नव्हती.) बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, तेथपासून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ सालीं खुला झाला; पुढें ती वाट ब्रिटिश मुलुखांतून निजामाच्या राज्यांत शिरली, येडशी, कळंब रोड, ढोकी अशीं स्टेशनें घेत १९११ मध्यें लातुरास पोंचली. १ जानेवारी १९५४ रोजीं ती सरकारच्या ताब्यांत आली. या साऱ्या काळांत जिल्ह्याचें मुख्य गांव जें धाराशिव, त्याच्या वाटेला ही गाडी गेलीच नाहीं. रेल्वे गांठावयाची तर येडशीपर्यंत जावें लागे. गांवाला स्वतःचा फलाट मिळण्यास ब्रॉडगेज यावी लागली: लातूर ते उस्मानाबाद हा भाग २००७ मध्यें आणि तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्यें सुरू झाला. येडशीच्या बायकांनीं तीन पिढ्या लेकी सासरीं बोळविल्या त्या फलाटावरून. जिल्ह्याच्या गांवाला हा अनुभव नवा आहे.

जुन्या नॅरोगेजचीं छायाचित्रें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बरींचशी परदेशी रेल्वेप्रेमींनीं काढलेलीं. वाफेचीं इंजिनें जगभर मोडींत निघूं लागलीं तेव्हां ही मंडळी मोठ्या हौसेनें येथवर आलीं. त्यांच्या चिकाटीबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु त्यांचें प्रेम इंजिनावर होतें. चित्राच्या मध्यभागीं इंजिन, त्याचा क्रमांक वाचतां यावा अशा बेतानें. माणूस आला तर तो कडेला, अर्धा कापलेला, नजर चुकवून चौकटींत शिरलेला. आज तीं चित्रें पाहतांना आमची दृष्टि हटकून कडांकडे जाते. इंजिनाचे नकाशे कारखान्यांच्या दप्तरांत सांपडतील. डोक्यावर हारा घेतलेली ती बाई, डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून कोणाला तरी हाक मारणारा तो फेटेवाला, हीं मात्र दुसरीकडे कोठेंच नोंदलेलीं नाहींत. छायाचित्रकाराला जी अडगळ वाटली तीच काळानें मूर्ति करून ठेवली.

या कडांवर दुसरेंही कांहीं वाचतां येतें. फलाटावर बांक असतो. त्या बांकावर कोण बसलें आहे, कोण जमिनीवर बसलें आहे, आणि दोघांत अंतर किती आहे? वर्णनांत लेखक हें अंतर गाळूं शकतो. कॅमेऱ्याला तें गाळतां येत नाहीं. कळंब रोड हें ज्या कसबे तडवळ्याचें स्टेशन, त्याच गांवीं फेब्रुवारी १९४१ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितींत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. गांवकीच्या वतनानें कोणी कोठें बसावें व कोठें उभें राहावें हें जेथें ठरत होतें, तेथें तिकीट हाच काय तो अधिकार मानणाऱ्या आगगाडीनें एक फलाट आणून ठेवला होता. तो अधिकार कागदावर कितपत राहिला आणि बांकावर कितपत उतरला, याचा खरा दाखला अशा चित्रांतच मिळावयाचा. फलाटाचें चित्र सुंदर आहे कीं नाहीं हा प्रश्न या प्रश्नापुढें आम्हांस दुय्यम वाटतो. जो छायाचित्रकार मांडणी साधण्यासाठीं जमिनीवरच्या माणसाला चौकटीबाहेर ठेवतो तो केवळ मांडणी करीत नाहीं, साक्ष फिरवितो.

साक्षीचा हा विषय निघाला म्हणजे २०१६ ची पाण्याची गाडी आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या वर्षींच्या अवर्षणांत लातूर शहर कोरडें पडलें, तेव्हां मिरजेहून पाणी भरून आगगाडी पाठविण्यांत आली. पहिली गाडी ११ एप्रिलला निघून १२ एप्रिलच्या पहाटे लातुरास पोंचली. दहा टांक्या, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी. पुढें पन्नास टांक्यांच्या गाड्याही धांवल्या. त्या पहाटेचीं चित्रें देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलीं. बातमी म्हणून तीं योग्यच होतीं. परंतु चित्र म्हणून पाहतां त्यांत काय होतें? एकामागें एक उभ्या टांक्या, पुढारी, अधिकारी, आणि कॅमेरे घेतलेल्या दुसऱ्या माणसांची गर्दी. पाणी कोठेंच नव्हतें. तें लोखंडाच्या आड होतें, आणि तहान त्याहूनही आड. नळाखालीं घागरींची रांग दाखवावयाची तर ती दुसऱ्या वस्तींत, दुसऱ्या दिवशीं काढावी लागे, आणि ती तशी काढून शेजारीं छापण्यांतही आली.

ती गाडी मात्र धाराशिव जिल्ह्यांतून, येथल्या स्टेशनांवरून पुढें गेली होती, आणि अवर्षण या जिल्ह्यांतही होतेंच. दुसऱ्याच्या तहानेसाठीं निघालेलें पाणी आपल्या दारावरून जातांना पाहणारे फलाटावरचे लोक, हा त्या घटनेंतला खरा फलाट होता असें आम्हांस वाटतें. त्यांत मत्सर असेल, समजूतदारपणा असेल, किंवा नुसतें कुतूहलही असेल. तें चेहऱ्यांवरच वाचावयाचें. पण कॅमेऱ्यांचा जमाव गाडी जेथें पोंचली तेथें उभा होता. बातमी मुक्कामावर असते. माणसें वाटेंत असतात.

आतां या विषयांतील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येतों. अनोळखी माणसाचें चित्र त्याला न विचारतां काढावें काय? अमेरिकेचे वॉकर एव्हन्स यांनीं १९३८ ते १९४१ या काळांत न्यूयॉर्कच्या भुयारी गाडींत कोटाखालीं कॅमेरा लपवून, गुंड्यांच्या फटींतून समोरच्या उतारूंचीं चित्रें घेतलीं. नुसते चेहरे, थकलेले, विचारांत बुडालेले. तीं अप्रतिम आहेत. परंतु त्यांचें पुस्तक निघालें तें १९६६ मध्यें. चोरी केली खरी, पण चोरलेला माल त्यांनीं पंचवीस वर्षें झांकून ठेवला. तेवढ्यांत त्या चेहऱ्यांचे धनी बदलून गेले असतील, कित्येक निवर्तलेही असतील. आजचा मोबाईल हा अवधि देत नाहीं. गाडी सुटण्यापूर्वींच फलाटावरचा माणूस हजारों लोकांपुढें उभा झालेला असतो, आणि त्याला त्याची वार्ताही नसते. व्यावसायिक चित्रणाला रेल्वेची परवानगी लागते हें ठीक आहे. पण ती परवानगी फलाटाची असते, फलाटावर निजलेल्या माणसाची नसते.

निजलेल्या माणसाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. गांठोड्यावर डोकें ठेवून, तोंड उघडें टाकून झोंपलेला मजूर हा आपल्याकडील हौशी छायाचित्रकारांचा अत्यंत आवडता विषय आहे. कां, तर तो हलत नाहीं आणि हरकत घेत नाहीं. अशा चित्रांखालीं दारिद्र्याबद्दल कळवळ्याचे शब्द लिहिलेले असतात. पहिल्या वर्गाच्या विश्रांतिगृहांत झोंपलेल्या सभ्य गृहस्थाचें तसेंच चित्र काढण्यास यांच्यापैकीं किती जण धजतील? जेथें भीति वाटते तेथें परवानगी मागावयाची आणि जेथें वाटत नाहीं तेथें कला करावयाची, ही रीति आम्हांस मान्य नाहीं.

यावर असें उत्तर देण्यांत येतें कीं विचारलें तर चित्राचा जीवच जातो. माणूस ताठ उभा राहतो, टोपी सरळ करतो, बाई पदर सांवरते, आणि सहजता नाहींशी होते. हा आक्षेप इतका सर्वमान्य झाला आहे कीं तो तपासण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आम्हांस तो मुळांतच चुकीचा वाटतो. इंग्रजींत छायाचित्र 'घेतात'. मराठींत आपण तें 'काढतों', जसें चित्र काढतों, जसें विहिरींतून पाणी काढतों. काढण्यांत दुसऱ्या बाजूनें कांहीं द्यावें लागतें, भरलेलें असावें लागतें. खेड्यांतला माणूस कॅमेऱ्यापुढें ताठ उभा राहतो तेव्हां तो सहजता गमावीत नाहीं. आपल्याला लोकांनीं कसें पाहावें याविषयींचें आपलें मत तो नोंदवितो. सदऱ्याची वरची गुंडी लावणें हें त्याचें वाक्य आहे. त्याला तें वाक्य बोलूं न देतां त्याच्या बेसावध क्षणालाच सत्य मानणें यांत सत्याची चाड किती आणि अहंकार किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. फलाटावर तर सावध आणि बेसावध यांच्या दरम्यानचीही एक अवस्था असते: माणसानें आपल्याला पाहिलेलें असतें, मान किंचित् हालवून अनुमति दिलेली असते, आणि मग तो पुन्हा गाडीच्या दिशेनें पाहूं लागतो. आमच्या मतें या विषयावरचीं उत्तम चित्रें याच अवस्थेंतून निघतात.

आमच्या एका विद्यार्थ्यानें मध्यंतरीं दोन चित्रें मोठ्या आकारांत छापून आणून दाखविलीं. पहिलें धाराशिव स्टेशनावरचें, रात्रीं उशिराचें. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीसाठीं एक वृद्ध जोडपें बोचक्यांवर बसलें आहे. चित्र मुळांत रंगीत. त्यानें तें मागाहून कृष्णधवल केलें होतें व खालीं सुरेख अक्षरांत 'प्रतीक्षा' असें लिहिलें होतें. आम्हीं त्याला मूळ रंगीत प्रत दाखविण्यास सांगितलें. तींत म्हातारीचें लुगडें हिरवेंगार होतें, कांठ लाल. म्हाताऱ्याच्या हातांत एका कापडदुकानाची नवी कोरी गुलाबी पिशवी होती, आणि मागें पिंवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनाचें नांव होतें. हें जोडपें कोठल्या तरी लग्नाला किंवा बारशाला आहेर घेऊन निघालें होतें हें उघड दिसत होतें. कृष्णधवल प्रतींत तो आहेर नाहींसा झाला, आणि उरलें तें मराठवाड्याचें ठराविक दैन्य. गरीब माणसाचा रंग काढून घेतला कीं चित्र कलात्मक होतें हा समज रघु राय यांच्या चित्रांनीं रुजविलेला नाहीं, त्यांच्या नकलांनीं रुजविला आहे.

नांवाचीही तीच गत. 'प्रतीक्षा', 'जीवनप्रवास', 'अखेरचें स्टेशन' असलीं नांवें देऊन छायाचित्राला कवितेच्या पंक्तीस बसवितां येतें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्या नांवांनीं चित्रांतील नेमकें तेंच पुसलें जातें जें फक्त छायाचित्रच सांगूं शकतें: कोठें, केव्हां, कोणत्या गाडीच्या वेळीं. आपल्या जिल्ह्यांत तर फलाटावरची पाटीच पंचांगाचें काम करते. स्टेशनाचें नांव २०२५ मध्यें उस्मानाबादचें धाराशिव झालें. तेव्हां पाटी चौकटींत असली म्हणजे चित्र त्या सालाच्या अलीकडचें कीं पलीकडचें हें कोणीही सांगूं शकेल. विद्यार्थ्यानें मांडणी स्वच्छ व्हावी म्हणून कृष्णधवल प्रतींतून ती पाटीही कापून टाकली होती.

दुसरें चित्र येडशीचें, सकाळचें, आणि तें त्यानें जरा संकोचानेंच पुढें केलें, कारण त्यांत सारीं माणसें कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. बांकावर तीन बाया दाटीवाटीनें बसल्या आहेत. चौथीला जागा नाहीं म्हणून ती बांकाच्या टोंकाला टेकून उभी आहे व तिनें एका हातानें मुलाचें मनगट घट्ट धरलें आहे. मूल तेवढें हललें आहे. त्याचा चेहरा पुसट झाला आहे. मधल्या बाईच्या मांडीवर डबा आहे आणि त्या डब्यावर तिनें दोन्ही हात असे ठेवले आहेत कीं जणूं त्याचाच फोटो काढावयाचा आहे. उजवीकडच्या बाईनें पायांतली एक चप्पल काढून ठेवली आहे, ती मात्र चौकटींत यावी असें तिला बहुधा वाटलें नसावें. मागच्या भिंतीवर वेळापत्रकाचा फळा आहे. त्यावरचे आंकडे वाचतां येतात. या चित्राला त्यानें नांव दिलेलें नव्हतें. प्रतीच्या मागें पेन्सिलीनें स्टेशन, तारीख आणि गाडीची वेळ एवढें लिहून खालीं टीप होती: गाडी चाळीस मिनिटें उशिरा, चौथ्या बाईनें प्रत मागितली आहे, पत्ता घेतला आहे.